रुग्णसेवक आणि एच्. आय्. व्ही.

आमच्या आंबिवली स्टेशनावरून पहांटेच्या गाडीनें रुग्णालयांत कामास जाणारी परिचारिका पुष्कळांनीं पाहिली असेल. तिला एच्. आय्. व्ही.ची बाधा झाल्यास तिची नोकरी जावी काय? जाऊं नये, असें आम्हांस वाटतें.

हा विषाणु स्पर्शानें वा सहभोजनानें पसरत नाहीं. बाधित रक्ताची सुई टोंचली तरी बाधेचा संभव हजारांत सुमारें ३ असतो. नियमित औषधांनीं रक्तांतील विषाणु अत्यल्प होऊन तो आणखी घटतो. हातमोजे व निर्जंतुक उपकरणें तर प्रत्येक रुग्णासाठीं वापरावयाचीं असतातच.

मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं एका मजुराच्या खटल्यांत ठरविलें कीं, जो कामास समर्थ आहे व ज्यापासून इतरांस खरा धोका नाहीं, त्यास केवळ ह्या बाधेमुळें काम नाकारतां येत नाहीं. २०१७ सालचा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्यान्वयें धोका वा असमर्थता स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञानें लेखी दाखविल्यावांचून अशा मनुष्यास कामावरून काढतां येत नाहीं. जेथें रक्ताशीं संबंध येतो तेथें संरक्षक साधनें पुरविणें हेंहि चालकांचें कर्तव्य आहे.

नोकरी जाण्याच्या भयानें सेवक तपासणी व औषध टाळतील, आणि त्यांत रुग्णांचेंच अहित आहे. ज्या हातांनीं आपली शुश्रूषा होते, त्यांस काम करूं देण्यांत सर्वांचें हित आहे.