मुदत उलटून राहिलेल्यांना अमेरिकेचा व्हिसा पुन्हा मिळतो काय?

लोणावळा, खंडाळा, कामशेत, वडगाव व तळेगाव दाभाडे या भागांतील अनेक कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. मुलीचे बाळंतपण, नातवंडाचा बाप्तिस्मा अशा निमित्ताने आईवडील तिकडे जातात. कोणी आजारपणामुळे, कोणी लेकीच्या आग्रहाखातर, तर कोणी केवळ तारखेच्या गैरसमजातून दिलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ राहतात. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबविली आणि ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. त्या काळात तर कित्येकांना परतण्याचा मार्गच उरला नव्हता. पुढे पुन्हा जाण्याची वेळ आली की जुना मुक्काम आडवा येतो. मग कोणीतरी सांगतो, ‘वेव्हर काढावा लागेल’ आणि त्यासाठी मोठी रक्कम मागतो. हा वेव्हर म्हणजे नेमके काय, याविषयी आमच्या वाचकांच्या मनात बराच गोंधळ असल्याने आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

गोंधळाचे एक कारण शब्दातच आहे. वेव्हर म्हणजे सूट. परंतु अमेरिकेच्या व्हिसा व्यवहारात हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. काही देशांच्या नागरिकांना व्हिसाविना नव्वद दिवस प्रवेश देणारी योजना ही पहिली. भारत तिच्यात नाही. मुलाखतीला न बोलावता कागदपत्रांवरून व्हिसा देणे ही दुसरी. कायद्याने अपात्र ठरलेल्या व्यक्तीला त्या अपात्रतेतून सूट देणे ही तिसरी, आणि मुदत उलटून राहिलेल्यांचा संबंध येतो तो या तिसऱ्या सुटीशी.

तथापि, ती सूट मागण्यापूर्वी दिवस मोजले पाहिजेत. पारपत्रावर चिकटविलेल्या व्हिसाची तारीख ही राहण्याची मुदत नव्हे. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षे प्रवेश मागण्याची मुभा. प्रत्येक खेपेस किती दिवस राहायचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो व त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. पाहुण्यांना बहुधा सहा महिने मिळतात. पूर्वी या नोंदीचे कागदी कार्ड हाती मिळत असे. २०१३ पासून विमानतळांवर ही नोंद संगणकावर होऊ लागली आणि ती आपण होऊन पाहावी लागते. ज्येष्ठ मंडळींची चूक बहुतेक वेळा येथेच होते.

आय-९४ वरील तारखेनंतर एक दिवस जरी अधिक राहिले तरी तो व्हिसा आपोआप रद्द होतो, मग त्यावर आणखी आठ वर्षे शिल्लक का असेनात. त्यानंतर नवा व्हिसा आपल्याच देशातून घ्यावा लागतो. हे ठाऊक नसताना जुन्याच व्हिसावर विमानात बसणाऱ्यास तेथील विमानतळावरूनच परत पाठविले जाऊ शकते आणि त्या परतपाठवणीला पाच वर्षांची बंदी जोडली जाऊ शकते. मात्र मुदत संपण्यापूर्वीच आय-५३९ या अर्जाद्वारे रीतसर मुदतवाढ मागितली असेल, तर त्या अर्जावर निर्णय होईपर्यंतचे दिवस सामान्यतः बेकायदा वास्तव्यात धरले जात नाहीत. त्या अर्जाची पोच जपून ठेवलेली असेल तर ती आता उपयोगी पडेल.

१ एप्रिल १९९७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार, एकाच मुक्कामात १८० दिवसांपेक्षा अधिक पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून स्वतःहून परतलेल्यास तीन वर्षे प्रवेशबंदी होते. एक वर्ष वा अधिक राहिलेल्यास ती दहा वर्षांची असते. बंदीची मोजणी देश सोडल्या दिवसापासून होते. अठरा वर्षांखालील मुलांचे दिवस यात मोजत नाहीत. ज्या विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी नोंद आहे, त्यांचा हिशेबही वेगळा आहे.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. जादा वास्तव्य १८० दिवसांच्या आत असेल तर ही बंदी लागूच होत नाही, आणि जेथे बंदी नाही तेथे वेव्हरही नाही. अशा कुटुंबाकडून वेव्हरच्या नावाने पैसे घेणे ही शुद्ध फसवणूक होय. त्यांच्यापुढील खरा प्रश्न कलम २१४(बी) चा असतो. अर्जदार परत येईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असे ते कलम सांगते. सातबारा, घरपट्टीची पावती, निवृत्तिवेतनाचे कागद, चालू दुकान, घरी सांभाळायला असलेली वृद्ध आई, हे सारे या ठिकाणी कामाचे. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे पत्रही जोडावे, पण त्याने आय-९४ ची तारीख बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना तीन वा दहा वर्षांची बंदी लागली आहे, त्यांना पाहुणा म्हणून जाण्यासाठी कलम २१२(डी)(३) खाली सूट मागता येते. त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत वेगळा अर्ज वा वेगळे शुल्क नसते. नेहमीचा डीएस-१६० अर्ज भरून मुलाखतीस जायचे व तेथेच विनंती करायची. अधिकाऱ्यास योग्य वाटले तर तो अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाकडे शिफारस पाठवितो. निर्णय तो विभाग घेतो. मात्र २१४(बी) खाली नकार मिळाला तर गाडी तेथेच थांबते, कारण त्या नकाराला वेव्हर नाही. विचार कशाचा होतो, हे १९७८ साली तेथील स्थलांतर अपील मंडळाने ह्रांका प्रकरणात सांगितले आहे: या व्यक्तीला आत घेतल्यास समाजाला काही धोका आहे काय, पूर्वीचा नियमभंग कितपत गंभीर होता आणि आता जाण्याचे कारण काय. हे कारण जगावेगळे असण्याची गरज नाही, नातवंडांना भेटणे हेही कारण होऊ शकते. सूट मिळाली तरी ती ठरावीक काळापुरती असते. जुनी नोंद पुसली जात नाही.

डीएस-१६० मध्ये, आपण पूर्वी मुदतीपेक्षा अधिक राहिला होता काय, असा थेट प्रश्न असतो. तेथे ‘नाही’ लिहा, असा सल्ला देणारे दलाल आपल्याकडे आहेत. त्यांचे ऐकू नये. तीन वर्षांची बंदी तीन वर्षांनी संपते. महत्त्वाची बाब खोटी सांगितल्याचा ठपका आला की ती अपात्रता आयुष्यभराची असते. शिवाय ती तारीख त्यांच्या संगणकावर असतेच.

कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्यांचे नियम याहून कडक आहेत. तेथे आय-६०१ हा अर्ज सशुल्क करावा लागतो आणि अर्जदाराच्या अमेरिकन नागरिक वा ग्रीन कार्डधारक पतीला, पत्नीला अथवा आईवडिलांना असह्य हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावे लागते. मुलांचे हाल यात स्वतंत्रपणे धरले जात नाहीत. म्हणजे नागरिक झालेल्या मुलाने आईवडिलांसाठी अर्ज केला आणि ते दोघे पूर्वी वर्षाहून अधिक काळ राहून परतले असतील, तर मुलाची ओढ कितीही खरी असली तरी अन्य पात्र नातलग नसल्यास दहा वर्षे थांबण्यावाचून गत्यंतर नाही. आम्हाला हा नियम कठोर वाटतो, पण तो आहे असाच आहे.

गोव्याशी नाते असलेल्या, पोर्तुगीज पारपत्र घेतलेल्या कुटुंबांसाठीही एक सूचना. पोर्तुगालचे नागरिक व्हिसाविना नव्वद दिवस अमेरिकेत जाऊ शकतात. परंतु या मुदतीला वाढ मिळत नाही व ती एकदा मोडली की ती योजना त्या व्यक्तीला पुन्हा वापरता येत नाही. पुढे रीतसर व्हिसाच घ्यावा लागतो.

अर्जाच्या तयारीत सर्वांत दुर्लक्षिला जाणारा कागद म्हणजे परतल्याचा पुरावा. अमेरिकेतून निघताना पारपत्रावर शिक्का बसत नाही. त्यामुळे मुंबई विमानतळावर उतरल्याचा भारतीय शिक्का व विमानाचा बोर्डिंग पास यांवरून दिवसांचा हिशेब सिद्ध करता येतो. जुने पारपत्र रद्द झाले म्हणून टाकून देऊ नये. मुक्काम आजारपणामुळे लांबला असेल तर इस्पितळाचे तारीखवार कागद आणि विमान रद्द झाले असेल तर विमान कंपनीचा त्या वेळचा संदेश छापून त्यासोबत लावावा.