शिरगावचा मारिओ सावकाश का धावायचा?

‘सुपर मारिओ’ची पहिली पातळी सुरू झाली की पडद्यावर उजवीकडे वर ४०० हा आकडा दिसतो आणि लगेच उतरायला लागतो. जपानमधल्या घरात तो शून्यावर यायला साधारण १६० सेकंद लागत. बदलापूर पूर्वेच्या शिरगावात, दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या मुलांच्या घरात, तोच आकडा संपायला साधारण १९२ सेकंद लागत. कॅसेटमधला खेळ अक्षरन् अक्षर तोच. तरीही इथल्या मुलांना प्रत्येक पातळीमागे ३२ सेकंद जास्त मिळत होते, आणि याची कुणाला कल्पनाही नव्हती.

हे ३२ सेकंद आले कुठून, याचा शोध घेताना जुनं यंत्र की त्याच्यासारखा वागणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर, हा वाद एकदम वेगळाच दिसायला लागतो. मूळ यंत्रावर खेळण्यातच खरी मजा, असं एक बाजू म्हणते. हजारो खेळ मोबाइलवर फुकट चालतात तर यंत्र हवं कशाला, असं दुसरी म्हणते. पण आपल्याकडे आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आपलं मूळ यंत्र कोणतं?

मासायुकी उएमुरा या अभियंत्याने रचलेलं निन्टेन्डोचं ‘फॅमिकॉम’ १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत मात्र नव्वदच्या दशकात पोहोचली ती त्याची नक्कल. पेटीवर ‘मीडिया’, ‘लिट्ल मास्टर’ अशी नावं असत. पुढे मुंबईच्या मिताशी कंपनीचे ‘गेम इन’ आले. आपण सगळ्यांनाच सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो. दोन रिमोट, एक बंदूक, गरम होणारा अडॅप्टर आणि ‘९९९९ इन वन’ लिहिलेली पिवळी कॅसेट. टीव्हीवर मुंग्या दिसेपर्यंत चॅनेल फिरवायचं, मग त्या मुंग्यांतून मारिओ उगवायचा.

आता त्या ३२ सेकंदांकडे वळू. फॅमिकॉममध्ये खेळाचं घड्याळ वेगळं नसतं. पडदा एकदा रंगवून झाला की खेळ एक पाऊल पुढे सरकतो. मारिओची धाव, कासवांची चाल, वरचा उतरता आकडा, सगळं या पावलांवर चालतं. दर २४ पावलांनी आकडा एकने कमी होतो. जपानने टीव्हीची अमेरिकन पद्धत घेतली होती. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तिथल्या टीव्हीचा पडदाही सेकंदाला ६० वेळा रंगे. भारतात वीज ५० आवर्तनांची. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाही आणि १९८२ साली रंग आले तेव्हाही, आपला पडदा सेकंदाला ५० वेळाच रंगत होता. साहजिकच इथे मारिओ सेकंदाला ६० ऐवजी ५० पावलं टाकी. ४०० गुणिले २४ म्हणजे ९,६०० पावलं. त्यांना ६० ने भागा, १६० येतात, ५० ने भागा, १९२ येतात. वीजनिर्मिती केंद्रांतल्या जनित्रांचा वेग कुणीतरी कधीकाळी ठरवला, आणि त्यातून अनेक दशकांनी शिरगावातल्या एका मिशीवाल्या प्लंबरची चाल ठरली!

याहून थक्क करणारी गोष्ट त्या नकली यंत्राच्या पोटात आहे. पडदा ओळीओळीने रंगतो. जपानी यंत्र एका चित्रामागे २६२ ओळींचा वेळ घेतं: २४० ओळी चित्राच्या, बाकीच्या विश्रांतीच्या. या विश्रांतीतच खेळ पुढचं चित्र मांडून ठेवतो. आपल्या पद्धतीत, म्हणजे ‘पाल’ पद्धतीत, ३१२ ओळींचा वेळ भरावा लागतो. निन्टेन्डोने युरोपसाठी यंत्र बनवलं तेव्हा ही विश्रांती लांबवली आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणला. त्यामुळे नेमक्या क्षणावर विसंबणारे जपानी खेळ त्यावर बिघडत. तैवानच्या यूएमसी कंपनीने नकली चिप बनवताना दुसरी वाट काढली. चित्र संपल्यावर ५१ ओळी नुसत्या जाऊ द्यायच्या, खेळाला त्याची चाहूलही लागू द्यायची नाही. मग जपानी यंत्राइतकीच, म्हणजे २० ओळींची विश्रांती जाहीर करायची. खेळाला वाटतं आपण जपानमध्येच आहोत. प्रोसेसरचा वेगही जवळपास मूळचाच, सेकंदाला सुमारे १७ लाख ७३ हजार ठोके. मूळ यंत्राचे १७ लाख ९० हजार. ज्याला आपण स्वस्त नक्कल म्हणत होतो, त्यात अशी हुशारी दडलेली होती.

याचा परिणाम कानांवरही झाला. स्वराची उंची प्रोसेसरच्या ठोक्यांवर ठरते, म्हणून ती जेमतेम एका टक्क्याने उतरली. लय मात्र पडद्याच्या पावलांवर, म्हणून ती सहाऐवजी पाचावर आली. कोजी कोंडो यांनी बांधलेली मारिओची धून आपण त्याच सुरात, पण ठाय लयीत ऐकली. शिवाय अनेक नकली चिपांत ध्वनिलहरींचे दोन आकार एकमेकांच्या जागी गेले होते, त्यामुळे काही ठिकाणी आवाजाचा पोतही बदलला. आज मोबाइलवर मारिओ लावला की पस्तिशी-चाळिशीतल्या अनेकांना तो जरा घाईत वाटतो. वय वाढल्यामुळे आपण मंदावलो असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांची स्मृती बिनचूक आहे.

हे सगळं आपल्याला कळलं ते एम्युलेटरमुळे. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राची हुबेहूब वागणूक दुसऱ्या यंत्रात उभी करणारा प्रोग्रॅम. फॅमिकॉमचा प्रोसेसर १९७५ सालच्या ६५०२ या चिपच्या घराण्यातला. त्याला अवघ्या ५६ प्रकारच्या आज्ञा कळतात. एम्युलेटर कॅसेटमधला एकेक अंक वाचतो, ती कोणती आज्ञा आहे ते ओळखतो आणि मूळ चिपने जे केलं असतं ते करतो. प्रोसेसरच्या दर ठोक्याला चित्र काढणारी चिप तीन ठिपके पुढे जाते. हा ताळमेळ सेकंदाला लाखो वेळा सांभाळावा लागतो.

तो चुकला तर काय होतं, हे मारिओतच बघा. जग डावीकडे सरकत असतं, पण वरची गुणांची पट्टी स्थिर राहते. यंत्राला खरं तर अख्खा पडदा एकदम सरकवणंच सोपं. म्हणून खेळाने पट्टीतल्या छोट्या नाण्याखाली एक खूण लपवली आहे. पडद्यावर चित्र रंगवणारा किरण त्या खुणेवर पोहोचला की चिप इशारा देते आणि खेळ त्या क्षणी, चित्र अर्धवट असतानाच, खालचा भाग सरकवतो. हे सेकंदाला ५० किंवा ६० वेळा घडतं. एम्युलेटरचा हिशेब जरा हलला की पट्टी थरथरते. आणि एवढा सगळा खेळ मावतो फक्त ४० किलोबाइटमध्ये! जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढली आहेत. रंग तेवढा बदललेला.

सुरुवातीचे एम्युलेटर इतके काटेकोर नव्हते. १९९६ साली आलेला ‘आयनेस’ आणि १९९७ सालचा ‘नेस्टिकल’ यांनी त्या काळच्या पीसीवर हे खेळ चालवून दाखवले, तेव्हा भर वेगावर होता. पुढे लोकांना हुबेहूबपणाचा ध्यास लागला. ‘व्हिज्युअल ६५०२’ या उपक्रमातल्या मंडळींनी ६५०२ चिपवरचं आवरण काढून तिची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रं घेतली आणि तिच्यातले ३,५१० ट्रान्झिस्टर एकेक करून नकाशावर उतरवले. फॅमिकॉमच्या चिपचीही अशीच उकल झाली. बनवणाऱ्यांनी कधी छापलं नाही असं ज्ञान हौशी माणसांनी, रात्री जागून, बिनमोबदला गोळा केलं. मूळ यंत्रावर आपण खेळलो. ते समजून मात्र घेतलं एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी.

म्हणून मूळ यंत्र टाकून द्यावं का? मुळीच नाही. बदकं मारायच्या ‘डक हंट’ या खेळाची बंदूक घ्या. ती काही झाडत नाही, ती पाहते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या प्रकाश-संवेदकाला तो दिसला तर बदक पडतं. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक येतात. उजेड कोणत्या वेळी दिसला यावरून कोणतं बदक लागलं ते कळतं. ही युक्ती जुन्या पिक्चर ट्यूबवरच चालते, कारण तिथे उजेड ठरलेल्या क्षणी लखलखतो. सपाट टीव्हीवर चित्र उशिरा येतं आणि ती लखलख नसतेच, म्हणून बंदूक आंधळी होते. ट्यूबचे टीव्ही भंगारात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर हा खेळ त्याच्या मूळ रूपात गेला. बोटाने किंवा माउसने बदकं मारता येतात, पण ती डोळस बंदूक हातात येत नाही.

उलट काही गोष्टी एम्युलेटरलाच साधतात. भारनियमनाच्या काळात आठव्या दुनियेत पोहोचलेल्या पोराची वीज गेली की सगळं पुसलं जायचं. मारिओचे जीव, नाणी, जागा हे सगळं २,०४८ अंकांच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचं आणि ती विजेवर जगायची. एम्युलेटर हे अंक, पडद्याची स्मृती आणि चिपांची त्या क्षणाची स्थिती फाइलमध्ये लिहून ठेवतो. थांबलेलं जग काही किलोबाइटमध्ये मावतं! २०१८ साली ‘रेट्रोआर्च’मध्ये याच गुणावर एक कमाल उभी राहिली. सपाट पडद्यावर बटण दाबणं आणि उडी दिसणं यांत खंड पडतो. म्हणून प्रोग्रॅम स्थिती जपून ठेवतो, खेळ एक-दोन पावलं पुढे चालवून पाहतो, ते चित्र दाखवतो आणि पुन्हा मागे येतो. उशीर भरून काढायला तो चक्क भविष्यात डोकावून येतो.

कॅसेटवर बुरशी चढते, पिना गंजतात, कोकणपट्टीचा पावसाळा दरवर्षी थोडं थोडं यंत्र खातो. फुंकर मारून कॅसेट पुन्हा बसवली की चालायची, त्यात काम बसवण्याचं होतं. फुंकरीतल्या ओलाव्याने गंजाला मदतच झाली. यंत्र जाणार आहे. त्याची वागणूक नीट नोंदली गेली तरच ती उरेल.

आपल्या यंत्राची नोंद झालीही आहे, पण दुसऱ्याच्या नावावर. ‘मेसेन’ किंवा ‘एफसीईयूएक्स’ हे एम्युलेटर उघडा. प्रदेश निवडायच्या यादीत जपान-अमेरिकेची पद्धत सापडेल, युरोपची सापडेल आणि तिसरं नाव दिसेल ‘डेंडी’. १९९२ साली रशियात निघालेल्या नकली फॅमिकॉमचं हे नाव. त्या ५१ ओळींची चिप त्यातही होती. ‘डेंडी’ निवडा, घड्याळ लावा, ४०० उतरू द्या. १९२ सेकंद भरतील आणि धून आपल्या ओळखीच्या लयीत वाजेल.

आणि शिरगावात, अंबरनाथला, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारला कुणाच्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम पडला असेल, तर तो भंगारात देण्याआधी चार स्क्रू काढून बघा. आत काळ्या डांबरासारखा गोळा असेल तर चिप त्याखाली झाकलेली आहे. सुट्या चिपा असतील तर त्यांवर यूए६५२७पी, यूए६५३८ असे आकडे शोधा. फोटो काढा, पेटीवरचं नाव लिहा, कोणत्या साली कोणत्या बाजारातून आणला ते घरच्यांना विचारून टिपून ठेवा. रशियातल्या मुलांचं यंत्र जगाच्या यादीत नावानिशी गेलं, कारण त्यांच्याकडे ते नाव जपणारी माणसं निघाली. आपल्याकडच्या मुलांनीही त्याच लयीत तितकंच मन लावून मारिओ पळवला आहे.