पडदा उजळला, पण कॅमेरा मिटला

लॅपटॉपचा फुटलेला पडदा घरच्या घरीं बदलणें ही आतां फारशी धाडसाची गोष्ट राहिलेली नाहीं. पडदा बाजारांत मिळतो, बारीक स्क्रू सोडविण्याइतका धीर असला म्हणजे काम होतें आणि कारागिराची मजुरी वांचते. पण मग परगांवीं शिकणाऱ्या मुलाशीं बोलावयास आई बसते, तिला मुलाचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि मुलाला मात्र आईच्या जागीं काळा चौकोन! कॅमेरा जळाला असें ठरवून नव्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. हा निर्णय बहुधा घाईचा असतो.

कॅमेरा असतो झांकणाच्या वरच्या कडेंत, एका अरुंद पट्टीवर. त्याच्या तारा झांकणांतून खालीं उतरतात आणि बिजागरींतून कळफलकाखालच्या मदरबोर्डास मिळतात. पुष्कळ लॅपटॉपांत पडद्याच्या व कॅमेऱ्याच्या तारा एकाच केबलमध्यें गुंफलेल्या असतात. वरच्या टोंकाला मात्र तिला दोन तोंडें फुटतात. पडद्याचें तोंड ३० किंवा ४० पिनांचें, कॅमेऱ्याचें अगदीं चिमुकलें. सोबत एक, पण तारा निराळ्या. म्हणून पडदा उजळला याचा अर्थ कॅमेऱ्याच्या तारा शाबूत आहेत असा होत नाहीं. जुना पडदा उचलतांना केबलला हिसका बसतो, चिमुकलें तोंड अर्धवट निसटतें, किंवा कड बसवितांना तार बिजागरीपाशीं चेंगरते. झांकण एका कोनांत असतां चित्र येतें आणि हलवितांच जातें, तर ही शेवटचीच शंका धरावी.

झांकण पुन्हां उघडण्यापूर्वीं कांहीं गोष्टी पाहाव्या. कांहीं लॅपटॉपांत कॅमेऱ्यापुढें सरकती झडप असते, कांहींत तो बंद करणारी कळ असते. दुरुस्तीच्या धांदलींत ती सहज दाबली जाते. विंडोजमधील खाजगीपणाच्या नियमांत कॅमेऱ्यास परवानगी आहे ना, हेंही पाहावें. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथें कॅमेऱ्याचें नांव असेल तर तारा बहुधा ठीक आहेत आणि दोष सॉफ्टवेअरकडे शोधावा. नांवच नसेल तर संगणकाला कॅमेरा भेटलेलाच नाहीं. अशा वेळीं ड्रायव्हर शोधीत संध्याकाळ घालविणें व्यर्थ होय. २००३ सालीं यूएसबी कॅमेऱ्यांची एक सामाईक पद्धत ठरली असल्यानें बहुतेकांना निराळा ड्रायव्हर लागतच नाहीं. आणखी एक खूण मोलाची आहे. अनेक लॅपटॉपांत मायक्रोफोन कॅमेऱ्याच्याच पट्टीवर असतो. पडदा बदलल्यापासून तोही मुका झाला असेल, तर केबलवरचा संशय पक्का होतो.

आतां हात घालावयाचा तो यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून आणि आंतील बॅटरीची जोडणी सोडवूनच. पडद्यामागील दिव्याची वीज याच केबलमधून जाते. चालू विजेवर जोडणी केल्यास मदरबोर्डावरील बारीक फ्यूज उडूं शकतो, आणि मग कॅमेऱ्यापायीं नवा पडदाही काळोखांत जातो. कड सोडविण्यास प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्यावी, स्क्रूड्रायव्हर नव्हे. कॅमेऱ्याचें तोंड तारांना धरून कधींही ओढूं नये. तें सरळ काढून, पिना वांकल्या नाहींत हें पाहून, पुन्हां नीट बसवावें. केबल तिच्या खोबणींतूनच न्यावी आणि मदरबोर्डाकडील टोंकही तपासावें. त्यानंतर कड न बसवितांच बॅटरी जोडून कॅमेरा चालवून पाहावा. हौशी कारागीर नेमकी हीच पायरी गाळतात आणि सारें काम दोनदां करतात.

एवढ्यानेंही चित्र न आल्यास आधीं केबल बदलावी, मग कॅमेरा. केबल घेतांना जुन्या केबलवर छापलेला क्रमांक जुळवावा, कारण एकाच लॅपटॉपाच्या स्पर्शपडद्याच्या व साध्या पडद्याच्या केबली निरनिराळ्या असूं शकतात. तोंवर बाहेरून जोडावयाच्या यूएसबी कॅमेऱ्यावर काम भागतें.

आणि चित्र येतें पण धुक्यांतून पाहिल्यासारखें दिसतें, अशी तक्रार असेल तर कांहींच उघडूं नये. नव्या कडेवर भिंगासमोर चिकटविलेला पारदर्शक कागद काढावयाचा राहून गेला आहे काय, तें पाहावें.