जीपचा जीर्णोद्धार : पुढचा आस आणि ब्रेक

जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो ताजा रंग, लखलखीत दिवे आणि नवी ताडपत्री. पण गाडी जुन्या रूपात नुसती उभी राहणार की जुन्या रीतीने चालणार, हे ठरते ते मडगार्डांच्या आड, पुढच्या आसात आणि ब्रेकमध्ये. यासाठी जीपइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्धानंतर महिंद्रने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी आपल्याकडे रुळली.

त्या काळच्या बहुतेक मोटारींत पुढची चाके भार पेलत आणि वळत. ढकलण्याचे काम मागच्या चाकांचे. जीपची पुढची चाके मात्र भार पेलतात, वळतात आणि गाडी ओढतातही. त्यामुळे चाक फिरवणारा दांडा वाकलेल्या अवस्थेतही फिरावा लागतो. साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकवून फिरवला, तर एक टोक एकसारखे फिरत असूनही दुसरे प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा रेंगाळते. वळणावर त्याचे हिसके थेट हातात येतील. म्हणून युद्धकालीन जीपमध्ये बेंडिक्स, झेप्पा यांसारखे समगती सांधे वापरले गेले. हा सांधा आसाच्या टोकाला असलेल्या पोकळ गोलात बसतो. त्याच गोलाच्या वर आणि खाली किंगपिन व टेपर बेअरिंग असतात. चाक त्यांवर वळते.

इथली अट एकच : किंगपिनची रेषा सांध्याच्या मध्यातून गेली पाहिजे. बेअरिंग झिजले की वरच्या-खालच्या टोप्यांखालच्या शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्या, कमी करून ढिलेपणा काढतात. सगळ्या पत्र्या एकाच बाजूच्या काढल्या, तरी हाताला घट्टपणा जाणवतो; पण सांधा मध्यापासून सरकतो आणि झिजू लागतो. म्हणून दोन्ही बाजूंची जाडी सारखी ठेवायची. मग टाय रॉड सोडून, तेलाचे सील बसवण्याआधी, स्टिअरिंगच्या आर्मला स्प्रिंगचा काटा लावून ओढायचे. वळण्याला हलका पण एकसारखा विरोध हवा. तो नसेल, तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग आवरत नाही.

आसाचे काम करून ब्रेक पुढे ढकलता येत नाहीत. आसातले सील गेले की डिफरन्शियलचे तेल गोलात उतरते, पुढे हबचे सील गळू लागले की ड्रमपर्यंत पोचते आणि लायनर भिजवते. एका चाकाचा लायनर भिजला, की ब्रेक लावताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते.

लष्करी जीपचे ब्रेक ड्रम 9 इंचांचे. पुढच्या व्हील सिलिंडरांचा व्यास 1 इंच, मागच्यांचा पाऊण इंच. तेलाचा दाब सगळीकडे सारखाच, पण क्षेत्रफळ जास्त असल्याने पुढच्या शूंवर सुमारे पावणेदोनपट जोर पडतो. ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकते, म्हणून ही योजना. मिळाले म्हणून मोठे सिलिंडर मागे बसवले, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 3 प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शिरलेल्याला 140 अंशांचीच हमी असते. लांब घाट उतरताना ते उकळले, की नळीत वाफ होते आणि पेडल नुसतेच खाली जाते. याच ओलीने सिलिंडर आतून गंजतात. म्हणून सिलिंडर घासून किंवा बदलून, नवे रबरी कप घालून, सगळे ऑइल बदलून हवा काढायची. ड्रम लेथवर साफ केला, तर लायनरचा बाकही त्याला जुळवून घासावा लागतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवणे कामगाराच्या फुप्फुसांशी खेळणे आहे. ती ओली करूनच पुसावी.

शेवटी प्रश्न उरतो मूळ रूपाशी इमान राखण्याचा. जुन्या जीपच्या चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून ऑइल जाते. एक नळी फुटली, की चारही ब्रेक गेले. हाती उरतो फक्त हातब्रेक. संग्रहालयातल्या गाडीत ही रचना जशीच्या तशी राहावी, कारण ती इतिहासाचा पुरावा आहे. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या चाकांसाठी वेगळे मार्ग असलेला सिलिंडर बसवणे हा मला अपराध वाटत नाही. चासी न कापता तो बसवावा आणि मूळ सिलिंडर चिठ्ठी लावून जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला मागे परतता येईल. जुन्या गाडीचा मान राखायचाच, पण समोरून रस्ता ओलांडणाऱ्याने त्याची किंमत मोजू नये.