मोडेमचे दूरध्वनी-जोडणी मंडल

मोडेमचे दूरध्वनी-जोडणी मंडल : संगणकातील अंकीय संदेशांचे दूरध्वनीच्या तारांवरून जाऊ शकणाऱ्या श्राव्य कंप्रतेच्या संदेशांत रूपांतर करणाऱ्या आणि पलीकडून आलेल्या संदेशांतून मूळ अंक पुन्हा मिळविणाऱ्या साधनास मोडेम म्हणतात. त्याचा जो भाग प्रत्यक्ष तारांना जोडलेला असतो, तो जोडणी मंडल होय. संदेशरूपांतराच्या पद्धती आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेल्या असल्याने सर्वत्र सारख्या आहेत. उदा., व्ही. २१ या पद्धतीत सेकंदाला ३०० बिट, तर १९९४ च्या व्ही. ३४ मध्ये प्रथम २८,८०० बिट पाठविता येत. तारा व दूरध्वनी केंद्रे मात्र प्रत्येक देशाने आपापल्या परीने उभारली. त्यामुळे एका देशात बिनचूक चालणारा मोडेम दुसऱ्या देशात मुका ठरे, आणि अभिकल्पकाचे पुष्कळसे कष्ट या लहानशा भागावरच खर्च होत.

केंद्राकडून तारांवर सु. ४८ व्होल्ट एकदिश दाब असतो. मोडेमने ठराविक प्रवाह ओढला म्हणजे ग्राहकाने श्रवणी उचलली असे केंद्र समजते. हा प्रवाह सर्व देशांत सारखा चालत नाही. युरोपीय संघाने १९९८ मध्ये स्वीकारलेल्या सामाईक नियमांत तो ६० मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित ठेवण्याचे बंधन होते. अमेरिकेत असे बंधन नव्हते.

याहून अवघड प्रश्न संरोधाचा. दोनच तारांवरून संदेश एकाच वेळी दोन्ही दिशांनी जात असल्याने मोडेमला स्वतःचा आवाज वजा करून दुसऱ्याचा ऐकावा लागतो, आणि येणारा संदेश जाणाऱ्याच्या मानाने शक्तीने हजारपट क्षीण असू शकतो. ही वजाबाकी ‘संकर’ नावाचे मंडल करते. तारमार्गाचा संरोध अभिकल्पात धरलेल्या संरोधाशी जुळला नाही, तर स्वतःचाच प्रतिध्वनी उरतो व क्षीण संदेश त्यात बुडतो. अमेरिकेत हे मूल्य ६०० ओहम रोध असे साधे धरतात. युरोपीय नियमांत २७० ओहम रोधाला ७५० ओहम व १५० नॅनोफॅराड यांची समांतर जोडी एकसरीत जोडून येणारा संरोध, तर ब्रिटनमध्ये याच रचनेत ३७० ओहम, ६२० ओहम व ३१० नॅनोफॅराड ही मूल्ये विहित होती. लांब तारेचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो, हे पाहता ६०० ओहमांचा साधेपणा सोयीचा असला, तरी वस्तुस्थितीला धरून नाही.

घंटा व स्वर यांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत घंटेचा प्रवाह २० हर्ट्‌झचा असून ती दोन सेकंद वाजते व चार सेकंद थांबते. भारतात ब्रिटिश वळणाने २५ हर्ट्‌झची घंटा ०.४ सेकंद वाजून ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते व मग दोन सेकंद शांत राहते. एका घंटेतील ही दोन ठोक्यांची जोडी परक्या मोडेमला दोन घंटा वाटू शकते. क्रमांक फिरविण्यापूर्वीचा स्वर अमेरिकेत ३५० व ४४० हर्ट्‌झच्या मिश्रणाचा, तर भारतात २५ हर्ट्‌झने विरूपित केलेला ४०० हर्ट्‌झचा असतो. तो न ओळखणारा मोडेम तारमार्ग चालू असूनही ‘स्वर नाही’ असे कळवी. मग स्वराची वाट न पाहता क्रमांक फिरविण्याची आज्ञा त्याला द्यावी लागे. स्पंदांनी क्रमांक फिरविण्यातील तऱ्हा तर गमतीची होती : स्वीडनमध्ये शून्यासाठी एक स्पंद व एकासाठी दोन, तर न्यूझीलंडमध्ये दहातून अंक वजा करून उरतील तितके स्पंद.

आकारणीसाठी केंद्राकडून येणारे स्पंद ही आणखी एक अडचण. जर्मनीत ते १६, तर स्वित्झर्लंडमध्ये १२ किलोहर्ट्‌झचे असत. भारतातील एस.टी.डी. केंद्रांच्या तारांवरही १६ किलोहर्ट्‌झचे स्पंद वापरीत. छानक नसल्यास त्यांनी ग्राही भाग दबून जाऊन जोडणी तुटे.

तारमार्ग व संगणक यांच्यामधील विद्युत् विलगन हा मंडलाचा सर्वांत महत्त्वाचा गुण होय. कारण त्यावर संगणक हाताळणाऱ्याचा, तसेच खांबावर काम करणाऱ्या तारयंत्र्याचा जीव अवलंबून असतो. कोल्हापूर भागात एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात आणि उघड्यावरून गेलेल्या लांब तारांत क्षणभर फार मोठा दाब निर्माण होतो. वायुविसर्जन नलिका व धातु-ऑक्साइड रोधक तो जमिनीकडे वळवितात किंवा मर्यादित करतात. उरलेला दाब रोहित्राच्या निरोधनाने सोसावयाचा असतो. शहरात पुरेसे ठरलेले संरक्षण गगनबावड्यासारख्या ठिकाणी अपुरे पडावे, यात नवल नाही. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावांसाठी १९९८ मध्ये वारणानगर येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद व वजन यांची माहिती शेतकऱ्यास गावातच मिळावी, हा त्याचा एक उद्देश होता. अशा कामात दुवा तुटणे म्हणजे शेतकऱ्याची खेप वाया जाणे होय.

आरंभी प्रत्येक देशासाठी वेगळे रोहित्र, रिले व रोधक असलेले वेगळे मंडल बनवीत. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रोहित्राऐवजी उच्च दाब सोसणाऱ्या धारित्रांतून अंकीय स्पंद पलीकडे नेणारी संकलित मंडले निघाली. त्यांतील तारांकडील भाग तारमार्गाच्याच प्रवाहावर चालतो. देश बदलावयाचा झाल्यास संरोध, प्रवाहमर्यादा व घंटेची पातळी दर्शविणारे काही बिट बदलले म्हणजे पुरते. स्वरांच्या कंप्रता आज्ञावलीतील कोष्टकात ठेवतात.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून जनतेसाठी सुरू केलेली इंटरनेट सेवा प्रथम अशाच मोडेमद्वारे मिळे. पुढे रुंदपट्टा व भ्रमणध्वनी सेवांनी तिची जागा घेतली. वारणा परिसरातही २००६-०७ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग झाला. फॅक्स व धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा यांत जोडणी मंडल अद्याप आढळते.