मुलांनाही समितीत जागा

हैदराबादच्या तारनाका भागाला लागूनच उस्मानिया विद्यापीठाचे आवार पसरले आहे. 1938 मध्ये इथल्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. विद्यार्थी मागे हटले नाहीत आणि त्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

तेव्हा विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही; आज मुलांचे म्हणणे ऐकणे हे बंधन आहे, निदान कागदावर. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचे कलम 12 सांगते, की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत वय आणि समज पाहून विचारात घ्यावे. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला.

तरीही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या तीन-चतुर्थांश जागा पालकांना मिळाल्या, निम्म्या महिलांना. विद्यार्थ्यांचा उल्लेखच नाही. महाराष्ट्राने ही उणीव ओळखली, हे मोलाचे. 2010 च्या शासन निर्णयाने समितीत दोन विद्यार्थी घेतले, त्यांत किमान एक मुलगी. शौचालयाला कुलूप का, खिचडी कच्ची का राहते, मैदान कोणाला कधी मिळते, हे प्रश्न त्या दोघांइतके जवळून कोणी पाहत नाही. बैठकीत ते विचारले जातात की नाही, हे बहुतेक वेळा मुख्याध्यापकांवर अवलंबून असते.