एवढ्या वेगातली गाडी थांबते तरी कशी?

नांदेडहून लातूरला एसटीनं जायचं तर निम्मा दिवस मोडतो. १९५५ साली मात्र एक गाडी अशी होती, की तिच्या सरासरी वेगानं हे अंतर तासाभराच्या आत संपलं असतं! मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर. इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसनं ती ब्रेशियाहून रोमला नेली आणि परत आणली. जवळजवळ १,६०० किलोमीटर, तेही गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांवरून, १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत. शेजारी बसलेल्या डेनिस जेंकिन्सनकडे कागदाची लांबलचक गुंडाळी होती. पुढचं वळण कसं आहे ते त्यात बघून तो मॉसला हातानं खुणा करायचा, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नव्हतं. गाडीवर आकडा होता ७२२. का? ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली होती!

पण मला खरं नवल वाटतं ते तिच्या थांबण्याचं. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. ती नाहीशी होत नाही. ब्रेक घासले जातात आणि तिची उष्णता होते. माहूरच्या घाटात उतरणाऱ्या ट्रकजवळ कधी जळका वास आलाय? तो तापलेल्या ब्रेकचा.

३०० एसएलआरचे ब्रेक इतके मोठे होते, की ते चाकांत न बसवता आत, गाडीच्या अंगात बसवले होते. तरी फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीसाठी तेवढे पुरेसे वाटेनात. मग चालकाच्या पाठीमागे एक मोठं झाकण बसवलं. दांडा ओढला, की झाकण उभं राहायचं आणि वारा अडवायचा! गंमत अशी, की वेग जितका जास्त, तितका वाऱ्याचा रेटाही जास्त. म्हणजे सगळ्यात गरज असते, नेमका तेव्हाच हा ब्रेक सगळ्यात जोरात काम करणार.

आता दुसरी गाडी, आपल्या शेजारची. ११ फेब्रुवारी २०२३ला हैदराबादेत, हुसेनसागरच्या काठी, फॉर्म्युला ई शर्यत झाली. आपल्या मुंबईच्या महिंद्राचा संघही तिथे पळाला. या गाड्यांना पेट्रोलचं इंजिनच नाही, सगळं काम विजेच्या मोटरचं. वेग कमी करायचा झाला, की फिरती चाकंच मोटरला फिरवतात, मोटर जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत जाते. मागच्या चाकांना तर घासणारे नेहमीचे ब्रेकच नव्हते! शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेचा निदान ४० टक्के भाग असा परत मिळवलेला असतो. मॉसच्या गाडीत हीच ऊर्जा तापून हवेत उडून जायची.

मला विचाराल, तर डोळ्यांना दिसणारं ते झाकण जास्त आवडतं. पण डोकं जास्त चालवलंय ते दुसऱ्या गाडीत. आणि ही युक्ती काही शर्यतीपुरती नाही. वंदे भारत रेल्वेगाड्यासुद्धा ब्रेक लावताना वीज परत मिळवतात, आणि त्या गाड्या बांधायचं काम लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याकडे आलेलं आहे.